ॲनफिल्ड: घर न सोडता केलेला पुनर्विकास

मुंबईत पुनर्विकास म्हटलं की पहिला प्रश्न ट्रान्झिट कॅम्पचा. बिऱ्हाड हलवायचं, भाड्याच्या चेकची वाट बघायची आणि नव्या घराची चावी कधी मिळेल ते बिल्डरला विचारत राहायचं. फुटबॉल क्लबांची तऱ्हा फार वेगळी नसते. टॉटनहॅमने २०१७ मध्ये व्हाइट हार्ट लेन हे आपलं मैदान पाडलं आणि मुक्काम वेम्बलीला नेला. नवं मैदान २०१८ च्या हंगामाच्या सुरुवातीला मिळायचं होतं, मिळालं एप्रिल २०१९ मध्ये. बार्सिलोना २०२३ मध्ये माँजुइकच्या ऑलिंपिक स्टेडियमवर गेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये परतायचं ठरलं होतं, परतला नोव्हेंबर २०२५ मध्ये, तोही अर्धवट तयार झालेल्या मैदानात.

लिव्हरपूलने २०१४ ते २०२४ या दहा वर्षांत ॲनफिल्ड या आपल्या मैदानाचे दोन स्टँड नव्याने उभे केले, सोळा हजारांच्या आसपास खुर्च्या वाढवल्या, आणि बांधकामापायी एकही अधिकृत सामना दुसरीकडे नेला नाही. (२०२३ च्या ऑगस्टमधला सरावाचा एक सामना प्रेस्टनला झाला, तेवढा सोडून द्या.) हे जमलं कसं, त्याची किंमत कोणी मोजली आणि शेवटी कुठे अडलं, ते नीट मांडण्यासारखं आहे.

मैदान १८८४ चं. बांधलं गेलं ते एव्हर्टनसाठी. भाड्यावरून जागामालक जॉन होल्डिंगशी बिनसलं, एव्हर्टन १८९२ मध्ये उठून गुडिसन पार्कला गेला, आणि रिकाम्या मैदानासाठी होल्डिंगने नवा क्लब काढला, तो लिव्हरपूल. १९०६ मध्ये आर्किबाल्ड लीच या त्या काळच्या मातब्बर स्टेडियम-अभियंत्याने मेन स्टँड नव्याने रचला आणि वॉल्टन ब्रेक रोडच्या बाजूला मातीचा उंच ढिगारा रचून कॉप नावाचा स्टँड तयार केला. मेन स्टँडची पुढची मोठी दुरुस्ती १९७३ मध्ये झाली. स्टँड मागे वाढवला, पण छत पेलायला मधे खांब आले. त्या खांबांमागे बसणाऱ्याने पुढची चाळीस-एक वर्षं मान वाकडी करून सामना पाहिला.

शतक पालटल्यावर क्लबचा विचार वेगळाच होता. शेजारच्या स्टॅनली पार्कमध्ये ६० हजारांचं नवं स्टेडियम बांधायचं. २००७ मध्ये क्लब विकत घेणाऱ्या हिक्स आणि जिलेट या अमेरिकी जोडीने साठ दिवसांत कुदळ मारू असं जाहीर केलं. कुदळ कधीच पडली नाही. कर्ज मात्र वाढलं. २०१० मध्ये आलेल्या फेनवे स्पोर्ट्स ग्रुपने दोन वर्षं हिशेब करून २०१२ मध्ये सांगितलं, ॲनफिल्डच वाढवायचं. माझ्या मते हा निर्णय भावनेचा कमी आणि आकडेमोडीचा जास्त होता. ती आकडेमोड पुढे येईलच.

पद्धत सांगायला सोपी आहे: जुन्या स्टँडच्या मागे नव्याचा सांगाडा उभारायचा, छत चढवायचं, आणि मगच जुन्याला हात लावायचा. करायला ती अवघड, कारण मागे जागा लागते. मेन स्टँडच्या मागे लोथेर रोड होता, ओळीने लागून असलेल्या घरांचा. या भागातली घरं क्लबने नव्वदीपासून एकेक करून विकत घेतली आणि रिकामी ठेवली. खिडक्यांना पत्रे ठोकलेली घरं गल्लीत वाढत गेली की उरलेल्यांच्या घरांचा भाव पडतो, भाव पडला की आणखी चार जण विकून जातात. महापालिकेने सक्तीच्या संपादनाची तयारी केली तोवर तिथे राहणारे मोजकेच उरले होते. विस्ताराच्या चकचकीत चित्रफितीत हा भाग दिसत नाही. पण पहिली पायरी हीच होती आणि तिला बांधकामाच्या कितीतरी पट जास्त वेळ लागला.

सप्टेंबर २०१४ मध्ये मंजुरी मिळाली, डिसेंबरात कॅरिलियन कंपनीने काम सुरू केलं. पुढचे दीड हंगाम मेन स्टँडमध्ये लोक बसून सामने बघत होते आणि त्यांच्या पाठीमागे पोलाद चढत होतं. अशा कामात तीन गोष्टी डोकेदुखी ठरतात. एक, जुन्या पायाच्या शेजारी खोदकाम. ठोकून घालायचे पाइल (पायासाठी जमिनीत उतरवायचे खांब) इथे चालत नाहीत, हादऱ्याने जुनं बांधकाम खचू शकतं. भोक पाडून काँक्रीट भरायचे पाइल वापरावे लागतात आणि जुन्या स्टँडवर खुणा लावून तो मिलिमीटरने तरी हलतोय का, यावर नजर ठेवावी लागते. दोन, क्रेन. हंगाम चालू असताना गवतावर क्रेन उभी करता येत नाही, म्हणजे प्रत्येक तुळई मागच्या बाजूने उचलून पुढे न्यायची. क्रेनचा हात जितका लांब पोहोचवाल तितकी तिची ताकद घटते, त्यामुळे जवळ शंभर टन उचलणारी क्रेन लांब टोकाला त्याचा लहानसा हिस्साच पेलते. आणि तिसरी, सामन्याचा दिवस. दर दोन आठवड्यांनी साइट बंद करायची, कुंपण मागे घ्यायचं, बाहेर पडायच्या वाटा मोकळ्या करायच्या, सोमवारी पुन्हा सुरू.

या सगळ्याचा कळस म्हणजे छताची मुख्य कैची, म्हणजे ट्रस: छत पेलणारी आडवी पोलादी चौकट. १४० मीटर लांब, वजन ६५० टन. एवढी अवजड चीज कशासाठी? खांब नकोत म्हणून. छताचा पुढचा भार एकाच प्रचंड ट्रसवर घ्यायचा आणि ट्रसचे दोन पाय स्टँडच्या दोन्ही टोकांना, कुणाच्याही नजरेच्या आड न येतील असे टेकवायचे. १९७३ चा दोष दुरुस्त करायचा तर मधला मार्ग नव्हता.

मग २०१६ चा उन्हाळा. इंग्लंडात मेच्या मध्यावर हंगाम संपतो आणि ऑगस्टच्या मध्यावर सुरू होतो, म्हणजे हातात जेमतेम तेरा आठवडे. तेवढ्यात जुनं छत उतरवायचं, खालचा टियर (खुर्च्यांच्या रांगांचा मजला) नव्याने बांधून नव्या सांगाड्याला जोडायचा, खेळाडूंच्या खोल्या आणि टनेल पुन्हा उभारायचं, खुर्च्या बसवायच्या. तेरा आठवडे पुरणार नाहीत हे आधीच दिसत होतं, म्हणून लीगकडून पहिले तीन सामने बाहेर मागून घेतले: आर्सेनल, बर्नली, टॉटनहॅम. घरचा पहिला सामना १० सप्टेंबरला लेस्टरशी झाला आणि लिव्हरपूलने तो ४-१ ने जिंकला. वेळापत्रकातून काढलेले हे चार आठवडे ही या प्रकल्पातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात शहाणी खरेदी. कितीही जादा मजूर लावून काँक्रीट लवकर सुकत नाही.

१९८९ मध्ये हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरीत गेलेल्या लिव्हरपूलच्या चाहत्यांचं स्मारक याच टप्प्यात ॲनफिल्ड रोडच्या बाजूहून मेन स्टँडच्या दर्शनी भागात आलं. मैदानाची क्षमता सुमारे ४५ हजारांवरून ५४,०७४ झाली.

आता थोडं भूमितीकडे, कारण "अजून एक मजला चढवा की" असं सहज म्हणणारे पुष्कळ भेटतात.

प्रत्येक रांगेतल्या माणसाची नजर पुढच्याच्या डोक्यावरून मैदानाच्या जवळच्या सीमारेषेवर पोहोचली पाहिजे. नजरेची ही रेघ पुढच्याच्या डोळ्यांच्या किती वरून जाते, त्या मापाला सी-व्हॅल्यू म्हणतात. ९० मिलिमीटर चांगलं, ६० चालवून घेण्याजोगं, त्याखाली पुढच्याने टोपी घातली तरी भांडण. दुसरी मर्यादा उताराची. इंग्लंडात ग्रीन गाइड म्हणून ओळखली जाणारी सुरक्षेची नियमावली ३४ अंशांपेक्षा जास्त चढ नको म्हणते, कारण त्याहून उभ्या पायऱ्यांवर तोल गेला की माणूस थांबत नाही.

एक नमुना हिशेब घ्या (आकडे समजण्यापुरते, ॲनफिल्डचे नव्हेत). पुढच्या रांगेतल्या माणसाचे डोळे सीमारेषेपासून ४० मीटर मागे आणि २२ मीटर उंचीवर आहेत, रांगेची खोली ८० सेंटिमीटर. मागच्याला ९० मिलिमीटर हवेत तर २२.०९ ला ४०.८ ने गुणा, ४० ने भागा: येतात २२.५३. म्हणजे पायरी सुमारे ५३ सेंटिमीटर उंच, चढ ३३.६ अंश. बसलं, पण काठावर. आता हाच टियर फक्त दोन मीटर वर उचला. तोच हिशेब केला की पायरी ५७ सेंटिमीटर आणि चढ साडेपस्तीस अंशांच्या वर. नियमात बसत नाही. सी-व्हॅल्यू ६० वर आणली तरी ३४ च्या किंचित पुढेच राहते. मग टियर मागे सरकवावा लागतो, मागे सरकला की प्रेक्षक लांब जातो, छत लांबतं, पोलाद वाढतं, आणि मागची आणखी एक गल्ली लागते. उंची आणि जमीन ही वेगवेगळी भांडवलं नाहीत, एकाची किंमत दुसऱ्यातून मोजावी लागते.

बाहेर पडण्याचं गणितही असंच आडवं येतं. ग्रीन गाइडप्रमाणे नेहमीच्या परिस्थितीत सगळे प्रेक्षक आठ मिनिटांत बाहेरच्या वाटेला लागले पाहिजेत. जिन्याच्या एक मीटर रुंदीतून मिनिटाला ६६ माणसं धरतात, सपाट वाटेवर ८२. सात हजार माणसं वरच्या टियरमध्ये बसवायची तर आठ गुणिले ६६, म्हणजे मीटरमागे ५२८, आणि एकूण सव्वातेरा मीटर रुंदीचे जिने. सव्वा मीटरच्या आसपासचे अकरा-बारा जिने. हे जिने जमिनीवर जागा खातात, तळमजल्याचे स्टॉल आणि स्वच्छतागृहं आक्रसतात, आणि खाली उतरलेली गर्दी सामावून घेणारं मोकळं आवार वेगळंच. चित्रात खुर्च्या मोजणारा माणूस हे जिने कधीच मोजत नाही.

ॲनफिल्ड रोडच्या टोकाला याहून वेगळा धडा आधीच मिळालेला होता. १९९८ मध्ये तिथे वरचा टियर चढवला आणि लोक नाचायला लागले की तो पायाखाली हलतो, अशा तक्रारी आल्या. पुढच्या वर्षी खाली जादा खांब देऊन तो बांधून टाकावा लागला. यात जादू काही नाही. उड्या मारणारा जमाव साधारण सेकंदाला दोन-तीन वेळा आपटतो. टियरच्या पुढे झेपावलेल्या भागाची स्वतःची डोलण्याची गती त्याच्या जवळ आली, की प्रत्येक उडी आधीच्या हेलकाव्यात भर घालते. टियर कोसळतोच असं नाही, पण माणसं घाबरतात, आणि घाबरलेली गर्दी हाच खरा धोका. उपाय दोनच: ताठपणा वाढवा किंवा आधार द्या. आधार दिला की खांब आले, खांब आले की नजर अडली. म्हणून पुढे झेपावणारे टियर आखताना नुसत्या वजनाचा नव्हे तर तालाचाही हिशेब हवा. उन्हाळ्यात मैफली भरवायच्या असतील तर आणखीच. फुटबॉलचा जमाव अधूनमधून उड्या मारतो, गाण्याचा जमाव तीन तास एका ठेक्यात.

या टोकाचा नवा विस्तार २०१४ च्या मंजुरीत ४,८०० च्या आसपास खुर्च्यांचा होता. पैसे लावण्याइतका फायदा दिसेना, म्हणून क्लबने ती मंजुरी २०१९ मध्ये मुदत संपून जाऊ दिली आणि सात हजारांचा मोठा आराखडा आणला. कोविडने एक वर्ष खाल्लं. जून २०२१ मध्ये मंजुरी, सप्टेंबरअखेर काम सुरू. इथे मागे घरं नव्हती, पण खुद्द ॲनफिल्ड रोड होता. तो वळवून नव्या स्टँडला वळसा घालून नेला. रस्ता वळवणं म्हणजे डांबर टाकणं नव्हे. त्याच्या पोटातली पाण्याची, गॅसची, विजेची, मलनिस्सारणाची वाट आधी हलवावी लागते आणि त्या प्रत्येकाचा मालक वेगळा, प्रत्येकाची तारीख वेगळी.

बाकी पद्धत मेन स्टँडचीच. २०२३ च्या उन्हाळ्यात जुनं छत उतरलं आणि ऑगस्टच्या मध्यावर, बोर्नमथविरुद्धच्या घरच्या पहिल्या सामन्याला दोन दिवस असताना, कंत्राटदार बकिंगहॅम ग्रुपने दिवाळखोरीच्या प्रशासनाकडे जायची नोटीस दिली. सामना झाला, पण वरचा टियर रिकामा.

कंत्राटदार बुडाला की बाहेरच्याला वाटतं, दुसरा आणा आणि काम पुढे चालू करा. तसं होत नाही. कंत्राटदाराकडे स्वतःची माणसं थोडी असतात. खरं काम काच, वीज, पाणी, आगीची यंत्रणा, खुर्च्या लावणारे उपकंत्राटदार करतात आणि त्यांचे महिन्या-दोन महिन्यांचे पैसे अडकलेले असतात. साइटवर पडलेला माल कुणाचा, इथून वाद सुरू होतो. पैसे मिळेपर्यंत मालकी आमचीच, अशी अट पुरवठादाराने करारात घातलेली असते. झालेल्या कामाची हमी कोण देणार? भिंतीआडची वायरिंग कुणी तपासली, त्याचे कागद कुठे आहेत? हे कागद क्षुल्लक नाहीत. इंग्लंडात १९७५ च्या कायद्याप्रमाणे मैदानाला सुरक्षा प्रमाणपत्र स्थानिक महापालिका देते, आणि आगीची यंत्रणा, कठडे, जिने यांच्या चाचण्यांची नोंद नसेल तर पूर्ण दिसणाऱ्या टियरवरही एक माणूस बसवता येत नाही. त्यामुळे नवा कंत्राटदार आधी आठवडेच्या आठवडे मोजणी करतो: काय झालंय, काय झाल्यासारखं दिसतंय.

ऑक्टोबरमध्ये रेनर रोवेन कंपनीने काम हाती घेतलं. १७ डिसेंबर २०२३ ला मँचेस्टर युनायटेडविरुद्ध वरचा टियर अंशतः उघडला, ५७,१५८ प्रेक्षक आले. १० फेब्रुवारी २०२४ ला बर्नलीविरुद्ध ५९,८९६, म्हणजे ॲनफिल्डवरच्या लीग सामन्याचा तोवरचा विक्रम. सर्वकालीन विक्रम मात्र अजून १९५२ चाच आहे, वुल्व्हजविरुद्धच्या एफए कप सामन्याला ६१,९०५. तेव्हा लोक उभे होते, खेटून. मेन स्टँड बांधणारी कॅरिलियन जानेवारी २०१८ मध्ये बुडाली. फरक इतकाच की तिने काम आधी पुरं करून दिलं होतं.

आता आकडेमोड. मेन स्टँडला सुमारे ११ कोटी पौंड लागले, वाढल्या साडेआठ हजार खुर्च्या: खुर्चीमागे जवळपास १२,९०० पौंड. ॲनफिल्ड रोडला सुमारे आठ कोटी, सात हजार खुर्च्या: ११,४०० च्या आसपास. टॉटनहॅमचं मैदान साधारण १०० कोटी पौंडांचं आणि ६२,८५० खुर्च्यांचं. सरळ भागाकार केला तर खुर्चीमागे सोळा हजार, फार महाग वाटत नाही. पण ३६ हजार खुर्च्या त्यांच्याकडे आधीच होत्या. वाढीव साडेसव्वीस हजारांवर खर्च वाटला की आकडा ३७ हजारांच्या वर जातो. तुलना करायची ती वाढीव खुर्चीची. अर्थात टॉटनहॅमला त्या पैशात सगळीच नवी खोली-गॅलरी, सरकतं मैदान आणि अमेरिकी फुटबॉलची सोय मिळाली. ॲनफिल्डला कॉप आणि केनी डॅलग्लिश स्टँड होते तसेच राहिले.

खर्च निघतो तो हॉस्पिटॅलिटीतून, म्हणजे लाउंज आणि खानपानासह विकल्या जाणाऱ्या महागड्या खुर्च्यांतून. ॲनफिल्ड रोडच्या वाढीव खुर्च्यांत सुमारे १,८०० लाउंजच्या. उरलेल्यांच्या दरात हात घातला की काय होतं, ते क्लबने आधीच पाहिलं होतं. नव्या मेन स्टँडसाठी ७७ पौंडांचं तिकीट जाहीर झालं, तेव्हा ६ फेब्रुवारी २०१६ ला संडरलँडविरुद्ध हजारो प्रेक्षक ७७ व्या मिनिटाला उठून गेले. लिव्हरपूल २-० ने पुढे होतं, सामना २-२ सुटला. चार दिवसांत क्लबने दरवाढ मागे घेतली आणि माफी मागितली.

उद्यानापलीकडच्या एव्हर्टनने उलट वाट धरली. गुडिसनला चहूबाजूंनी घरं आणि एका कोपऱ्यात चर्च, मागून बांधायला फटच नाही. ते २०२५ मध्ये ब्रॅमली-मूर गोदीवरच्या नव्या मैदानात गेले आणि जुनं गुडिसन महिला संघाला मिळालं. शहर तेच, ॲनफिल्ड आणि गुडिसनमधलं अंतर मैलभराचंही नाही, पण मागे जागा आहे की नाही यावर दोन क्लबांचे रस्ते फुटले.

ॲनफिल्डवर यापुढे काय, हा प्रश्न दर उन्हाळ्यात निघतो. उरल्या दोन बाजू. कॉपच्या पाठीला वॉल्टन ब्रेक रोड चिकटून आहे, पलीकडे दुकानं आणि पब. केनी डॅलग्लिश स्टँडची गोष्ट आणखी जुनी. तिथे पूर्वी केम्लिन रोड होता. घरं घेत घेत क्लबने सगळी गल्ली रिकामी केली, पण दोन बहिणी १९९० पर्यंत हटल्या नाहीत आणि स्टँडचा वरचा टियर १९९२ मध्ये कुठे उघडू शकला. त्याच्या मागे आता पुढच्या रस्त्यावरची घरं आहेत, आणि इंग्लंडच्या कायद्यात वीस वर्षं अखंड उजेड मिळालेल्या खिडकीला त्या उजेडाचा हक्क मिळतो. म्हणजे घर न घेताही स्टँड उंच करायचा तर प्रत्येक खिडकीमागे मोबदला किंवा मनाई हुकुमाची टांगती तलवार. वरचा हिशेब आठवा: उंची वाढवायची तर मागे सरकावं लागतं. तिथे मागे सरकायला घरमालकांच्या बैठकीच्या खोल्याच आहेत.